पंखा नसलेलं विमान

त्या विमानाला पंखा नव्हता. बेगमपेठच्या विमानतळावर दोरी बांधून ते लोकांना पाहायला ठेवलं होतं आणि दोरीपाशी येणारा जो तो आधी पंखाच शोधत होता. फुगीर, आखूड पोट, दोन्ही बाजूंना पंख, आणि मागं एक शेपूट असायची तिथं दोन सडपातळ शेपट्या. बाबांच्या शेजारी उभे असलेले एक शेरवानीवाले गृहस्थ ठामपणे सांगत होते, की पंखा दुरुस्तीला गेला असणार. दोरीच्या आत पहारा देणारा जवान पंजाबी होता, जेमतेम विशीचा. तो हसला आणि म्हणाला, हे जेट आहे, हवा पुढून गिळतं आणि आग मागून फेकतं. मग माझ्याकडे बघून, एखादी खासगी गोष्ट सांगावी तसं तो हळूच म्हणाला, "और इस की नाक लकड़ी की है." मला ते खरं वाटेना. तो म्हणाला, पंख धातूचे, पण वैमानिक बसतो तो सगळा पुढचा भाग लाकडाचा, पातळ फळ्या चिकटवून केलेला.

लाकडाचं विमान असू शकतं, तर मग मीही करू शकते, हा विचार माझ्या डोक्यात तिथंच, त्या उन्हात शिरला. आमचं संस्थान भारतात येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पोलीस अॅक्शनच्या दिवसांत आमच्या काचीगुड्याच्या घरावरून विमानं गेली होती, तेव्हा आईनं मला जिन्याखाली तांदळाच्या पोत्यांमागं दाबून धरलं होतं. त्या दिवसांबद्दल जाणत्यांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी काही लिहिणार नाही. मला आठवतं ते एवढंच, की सगळे घाबरलेले होते आणि मला मात्र बाहेर जाऊन वर बघायचं होतं. ती राहिलेली इच्छा आता पुरी होत होती. मी बाबांना म्हटलं, मला हे मोजायचंय. बाबा दफ्तरात कारकून. उर्दूत मोत्यासारखं लिहिणारे, आणि आता सरकार बदललं म्हणून रोज संध्याकाळी इंग्रजी मसुदे गिरवणारे. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. बगलेतली छत्री काढली आणि दोरीच्या कडेकडेनं, विमानाची सावली छत्रीनं मोजत चालू लागले. पंखांची सावली किती छत्र्या, शेपटीची किती, ते मी बोटांवर धरत होते. घरी जाऊन ठरलं, एक छत्री म्हणजे माझ्या बोटाचं एक पेर. असं आमचं प्रमाण.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती, पण तिचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. ते विमान स्वच्छ नव्हतं. मला वाटलं होतं, चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखं लखलखत असेल. पण मागच्या भोकाभोवती काजळी धरली होती, पोटाखाली तेलाचे ओघळ होते, आणि पंखावर जिथं पाय ठेवून चढतात तिथला रंग उडून आतला पत्रा उघडा पडला होता.

आमच्या शाळेत, म्हणजे मुलींच्या मराठी शाळेत, त्या वर्षी हस्तकलेचं प्रदर्शन व्हायचं होतं. बाकीच्या मुली कशिदा, रुमाल, मण्यांची तोरणं यांत गुंतल्या होत्या. मी विमान करणार म्हटल्यावर वर्गात हसू उसळलं. शिवणाच्या बाई म्हणाल्या, कर बापडी, पण वेळेवर आण. लाकूड बाबांनीच मिळवलं. बेगम बाजारात निर्मळ गावची लाकडी खेळणी विकणारा एक दुकानदार होता, त्याच्याकडून त्या खेळण्यांचं पांढरं, बिस्किटासारखं हलकं लाकूड आणलं. चंदेरी भुकटी आणि वार्निशही तिथलंच, मसाल्याच्या गल्लीतून, त्यामुळे त्या पुडीला कितीतरी दिवस लवंगांचा वास येत होता. मी बाबांबरोबर होते, भुकटीवाल्यानं मला विचारलं, क्या बनाते बेटी? हवाई जहाज म्हटल्यावर त्यानं चिमूटभर भुकटी वर घातली.

आता वहिनीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण हे प्रकरण खरं तर तिचंच आहे. दादाचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. नव्या सरकारात त्याची औरंगाबादला बदली झाली, तिथं जागा मिळेपर्यंत वहिनी आमच्याकडेच राहायची होती. ती जळगावची. आमचं मराठी ऐकून ती पहिले काही महिने गोंधळलेलीच असायची. आई "हौ" म्हणाली, की ती हो म्हणतेय की हाक मारतेय, हे तिला कळायचं नाही. आमच्याकडे रोज काही ना काही आंबट असायचं. अंबाडीची भाजी, चिंचेचं सार, कैरीची डाळ. ती ते मुकाट्यानं खायची आणि मागून गुळाचा खडा तोंडात टाकायची. बोलायची कमी. माहेरचं तर काहीच बोलायची नाही. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थानं सांगितलं होतं, की तिचे वडील तिकडे शाळेत ड्रॉइंग मास्तर आहेत. आई हे शेजारीपाजारी कौतुकानं सांगायची. पण हे ड्रॉइंग मास्तर लग्नानंतर एकदाही मुलीला भेटायला आले नव्हते, आणि आईच्या मनात ते होतं. दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही. कसले व्याही म्हणायचे हे, असं ती कढी ढवळताना म्हणायची, वहिनीला ऐकू जाईल इतपत.

मी मागच्या पडवीत लाकूड तासत बसायचे. घर स्टेशनाच्या इतकं जवळ, की इंजिन डबे जोडायला लागलं की फडताळातली भांडी वाजायची आणि माझी पटाशी घसरायची. एकदा दोन्ही शेपट्या सरसानं चिकटवून मी श्वास रोखून बसले होते, तेवढ्यात मनमाडची गाडी आली आणि एक शेपूट गळून पडली. वहिनी तांदूळ निवडत होती. ती उठली, आत गेली, आणि चिंचोक्याची खळ करून घेऊन आली. म्हणाली, याने धरेल, आणि रंग द्यायच्या आधी याच खळीत खडूची पूड घालून सगळीकडून दोन हात द्या. मी तसं केलं. लाकडाचे सगळे उभे-आडवे तंतू झाकले गेले आणि विमान अंड्यासारखं गुळगुळीत झालं. वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण कसं करायचं हेही तिनंच सांगितलं. तिनं फोटोग्राफरकडून जुनी फिल्म आणवली, मी ती सोड्याच्या पाण्यात धुऊन पारदर्शक केली, आणि उकळत्या पाण्यात मऊ करून लाकडाच्या साच्यावर दाबली. ते इवलंसं झाकण साच्यावरून सुटून हातात आलं, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. आमच्या घरात आल्यापासून तिला मी तशी हसताना पाहिलं नव्हतं.

मग मी चंदेरी रंग दिला आणि सगळं फसलं. आकार बरोबर होता, मापं बरोबर होती, पण समोर होतं ते जत्रेतलं खेळणं. मला रडू यायला लागलं. वहिनीनं मला ते उजेडात धरायला लावलं, चारी बाजूंनी पाहिलं, आणि म्हणाली, "वन्सं, हे अजून जमिनीवरून उठलेलंच नाही."

तेव्हा मला बेगमपेठची काजळी आठवली, तेलाचे ओघळ आठवले. मी तिला भराभरा सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता बदलली. पदर खोचला, माझा हात धरला आणि मला गच्चीवर घेऊन गेली. तिथून स्टेशनाचं यार्ड दिसायचं. ती म्हणाली, त्या इंजिनाकडे बघा. धूर कुठून निघतो आणि कुठे बसतो? तेल कुठून गळतं आणि वाऱ्यानं कुठल्या बाजूला ओढलं जातं? ड्रायव्हर चढताना हात कुठे धरतो? मी बघत गेले, आणि जे रोज बघत होते ते पहिल्यांदाच दिसलं. दांड्याला जिथं हात लागत होता तिथलं पितळ चमकत होतं, बाकीचा दांडा काळा होता. वहिनी म्हणाली, "आमचे अण्णा म्हणतात, डागाला कारण लागतं. कारण ठाऊक नसताना लावला, तर ते मळवणं झालं. जुनं करणं निराळं." अण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांचं नाव तिनं माझ्यापाशी काढलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातल्या फार आनंदाच्या दिवसांपैकी आहेत. शाळेतून आले की दप्तर टाकून मी पडवीत धावायचे. चहाचा उरलेला चोथा उकळून मी त्याचं पाणी सगळ्या विमानावर फिरवलं, त्यानं चंदेरी रंगाचा झगमगाट मरून गेला. पाय ठेवायच्या जागी रंग खरवडून तिथं शिसपेन्सिलीचं शिसं बोटानं चोळलं, तर लाकूड पत्र्यासारखं चमकू लागलं. चाकांना विटकरीची भुकटी, पोटाखाली तिळाच्या तेलात काजळ कालवून एक बारीक ओघळ, पुढून मागं ओढलेला. कुंचला चिंधीला पुसून पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि मग नुसता कडांवरून फिरवायचा, हे वहिनी मला परत परत करायला लावायची. स्वतः मात्र विमानाला हात लावायची नाही. तांदळाच्या सुपावर करून दाखवायची, एखाद्या फुटक्या कवडीवर करून दाखवायची, आणि म्हणायची, आता तुम्ही करा, शाळा तुमची आहे.

माझी नात आता तारनाक्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये हेच करते. डब्यातून तयार तुकडे येतात, छोट्या बाटल्यांतून तयार गंज आणि तयार धूळ येते. "आजी, इसको वेदरिंग बोलते," असं तिनं मला समजावलं. मी म्हटलं, हौ का? तिला मराठी धड वाचता येत नाही, तेव्हा हे लिहून झालं की मलाच तिला वाचून दाखवावं लागणार आहे. बाटल्यांबद्दल माझी तक्रार नाही. फक्त आमच्या विमानाला तेलाचा, चहाचा आणि काजळाचा वास होता, आणि तिच्याला रॉकेलसारखा कसलासा आहे.

काजळावरून आईला पत्ता लागला. ती एरंडेलाच्या दिव्यावर पितळी ताटली उपडी घालून काजळ धरायची, अर्ध्या मोहल्ल्यातल्या तान्ह्या पोरांना तिचंच काजळ लागायचं. डबी सारखी रिकामी दिसायला लागली, तेव्हा शोधत शोधत ती पडवीत आली. आम्हाला वाटलं, आता बोलणी बसणार. आईनं विमान पाहिलं, खाली वाकली आणि पंखावरच्या चमकणाऱ्या जागेवर नख मारलं. विचारलं, "पत्रा कुठून आणलात?" पत्रा नाही, लाकूड आहे, म्हटल्यावर तिनं पुन्हा नख मारलं. मग सरळ होऊन ती वहिनीकडे वळली, आणि म्हणाली, ड्रॉइंग मास्तरांच्या घरी असलंही शिकवतात वाटतं. वहिनी खाली मान घालून चिंधी धुवायला निघून गेली. रात्री ताटली आणि दिवा मात्र आईनं आपणहून पडवीत ठेवून दिला होता.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही टांग्यातून गेलो. आई, वहिनी, मी, आणि माझ्या मांडीवर टोपलीत कापसाच्या गादीवर विमान. दिवाणखान्यासारख्या मोठ्या वर्गात टेबलं मांडली होती. पांढऱ्या रुमालांच्या आणि रंगीत तोरणांच्या मध्ये ते मळकं विमान असं काही दिसत होतं, की जणू आताच खिडकीतून आत येऊन उतरलं आहे. थोड्याच वेळात टेबलाभोवती गर्दी झाली. मुलींचे भाऊ, काका, वडील, सगळे वाकून बघत होते. कुणी म्हणे पत्र्याचं आहे, कुणी म्हणे खऱ्या विमानाच्या धातूचं आहे. मला आतून उकळ्या फुटत होत्या. आणि त्याच गर्दीमुळे हेडबाई आल्या.

हेडबाई वाईट नव्हत्या, पण कडक होत्या. त्यांनी विमान उलटसुलट करून पाहिलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, प्रदर्शनाचा नियम आहे, काम मुलीचं स्वतःचं पाहिजे. हे कुणा जाणत्या कारागिराचं काम आहे, हे इथं ठेवता येणार नाही. त्यांनी शिपायाला हाक मारली. मी कसंबसं म्हटलं, मीच केलंय, वहिनीनं शिकवलं. वहिनीला हे कुठून येतं, असं हेडबाईंनी विचारलं, तेव्हा आई पुढं झाली. लोकांसमोर आपल्या मुलीला खोटं पाडलं जातंय हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. डोक्यावरचा पदर सावरून ती म्हणाली, आमच्या सुनेचे वडील ड्रॉइंग मास्तर आहेत. हेडबाई स्वतः चित्रकलेची परीक्षा दिलेल्या. त्या म्हणाल्या, हे ड्रॉइंगच्या वर्गात शिकवत नाहीत, मला माहीत आहे. कुठल्या शाळेत आहेत ते?

वहिनी आईच्या मागं उभी होती. तिनं एखाद्या शाळेचं नाव सांगितलं असतं तर कोण जळगावला बघायला जाणार होतं? मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज स्वच्छ होता.

"कुठल्याच नाहीत," ती म्हणाली. "माझे वडील नाटक कंपनीत पडदे रंगवतात. आमच्याकडे नव्या कापडावर जुना किल्ला उभा करावा लागतो. ते मी लहानपणापासून बघितलंय, तेच वन्संना दाखवलं. विमानाला मी हात लावलेला नाही."

आजच्या वाचकाला यात दडवण्यासारखं काय होतं असं वाटेल. पण आमच्यासारख्या सरकारी नोकरीच्या घरांत तेव्हा नाटक बघायला जात, नाटकवाल्यांच्या घरची मुलगी करत नसत. गर्दीत कुजबुज झाली. आईनं मागं वळून पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत ताठ उभी राहिली.

हेडबाई जराशा घोटाळल्या. मग मला म्हणाल्या, ठीक आहे, तूच केलं असशील तर इथं करून दाखव. त्यांच्या टेबलावर खडूंची नवी लाकडी पेटी होती, पांढराशुभ्र रंग दिलेली, अजून वापरायला न काढलेली. ती त्यांनी माझ्यापुढं ठेवली. मला वाटलं होतं मी घाबरेन, पण पेटी हातात आली आणि भीती कुठल्या कुठं पळाली. मी शिपायाकडे त्याच्या चहाचा चोथा मागितला, त्याच्या किटलीच्या बुडाची काजळी खरवडून घेतली, अंगणातल्या विटेचा तुकडा कुटला, शेजारच्या मुलीची पेन्सिल घेतली. कोपऱ्यांवरचा रंग खरवडला, कारण पेटी ठेवताना कोपरेच आपटतात. चहाचं पाणी खाली जास्त, वर कमी, कारण टेबल पुसताना पाणी खालीच लागतं. गर्दी वाकून बघत होती. मागून एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, आता शंभर वर्षांची झाली. शेवटी मी झाकणाच्या पुढच्या कडेला, मधोमध, काजळीचं बोट दाबलं आणि कोरड्या चिंधीनं जरासं पुसलं.

"हे काय?" हेडबाईंनी विचारलं.

"इथं रोज तुमचा अंगठा लागणार," मी म्हटलं.

हेडबाईंनी नकळत हात पुढं केला आणि अंगठा बरोबर त्याच जागी पडला. सगळा वर्ग हसला. त्याही हसल्या. शिपायाला त्यांनी परत पाठवलं आणि विमान उचलून पहिल्या टेबलावर, दारासमोर ठेवलं. बक्षीस मात्र एका टेबलक्लॉथला मिळालं, आणि तो खरोखर सुंदर होता. पण संध्याकाळपर्यंत लोक येत राहिले, मला कारणं विचारत राहिले, आणि मी प्रत्येक डागाचं कारण सांगत राहिले. अजून आठवलं की ऊर भरून येतो.

घरी आल्यावर आईनं पाय धुतले, देवापुढं दिवा लावला आणि वहिनीला स्वयंपाकघरात बोलावलं. मी दाराशी होते. आईनं विचारलं, खोटं कुणी सांगितलं होतं? वहिनी म्हणाली, मध्यस्थानं. अण्णांना ते लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं. लग्न मोडायची त्यांना छाती झाली नाही, आणि इथं येऊन मास्तर म्हणून जेवायला बसायची लाज वाटली. म्हणून ते आले नाहीत. हे सांगताना मात्र ती रडली. चुलीवरची भाजी लागायला आली तरी आईचं लक्ष नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "पोरी, पडद्याचं मला काही नाही. पण एवढे सणवार तू बापाशिवाय काढलेस, आणि मी तुला वर बोलत राहिले." मग बाबांना हाक मारून म्हणाली, व्याह्यांना पत्र टाका, जल्दी या म्हणावं.

ते आले ते मनमाडच्या गाडीनं. कुणाला आणायला स्टेशनावर जाणं आईला कधी आवडायचं नाही, त्या दिवशी मात्र ती आमच्या आधी चपला घालून तयार होती. गाडीतून एक बारीकसा माणूस उतरला, काळी टोपी, विटका कोट, हातात कापडी पिशवी आणि नखांत कधी न निघणारा निळा रंग. वहिनी फलाटावरच्या गर्दीतून धावत सुटली, डोक्यावरचा पदर पडला तरी थांबली नाही. ते आईसमोर येऊन हात जोडून उभे राहिले, काहीतरी बोलू पाहत होते, पण आईनं बोलूच दिलं नाही. पिशवी त्यांच्या हातातून काढून माझ्याकडे दिली.

फलाटावर शेजारच्या रुक्मिणम्मा भेटल्या. पाहुणे कोण, असं त्यांनी विचारायच्या आतच आईनं त्यांना आपल्या मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगितलं, की हे आमचे व्याही, नाटकाचे पडदे रंगवतात. तिकीट घेणाऱ्या बाबूला मराठीत तेच सांगितलं. घर हाकेच्या अंतरावर, तरी बाहेर आईनं टांगा केला. टांगेवाला पिशवी ठेवायला खाली उतरला, तर त्यालाही सोडलं नाही.

"हमारे समधी हैं," आई म्हणाली. "नाटकां के पर्दे रंगाते. आहिस्ता चलाव."